रात्रभर नळात थांबलेलं पाणी

मी आज जो काही आहे तो माझ्या काकीमुळे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून आईवडिलांनी मला मुरबाडला काकीकडे ठेवलं. तिथून मी पदवीपर्यंत शिकलो, फौजदार झालो आणि पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी विचारलंच, तर मी सांगतो ती हकिकत एका सात वर्षांच्या मुलाच्या पोटदुखीची असते.

तेव्हा मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना उल्हासनगरच्या एका दवाखान्यातून खबर आली. चिखलोलीच्या बाजूचा एक मुलगा दाखल आहे, पोटात कळा येतात, उलट्या होतात, आणि रक्तात शिसं सापडलं आहे. विषबाधेचा संशय आला की डॉक्टरांनी पोलिसांना कळवायचं असतं. दुपारी मुलाचा मामा वांगणीहून अर्ज घेऊन आला. मुलाची आई वारली होती, बापाने दुसरं लग्न केलं होतं. मामाचं म्हणणं सरळ होतं. सावत्र आईला स्वतःची मुलगी झाली आणि तेव्हापासून माझा भाचा सुकत चालला. पहिलीत घडाघडा वाचायचा, आता अक्षरं विसरतो.

शेजारच्या बायकांनी त्यात भर घातली. ती पोराला रोज सकाळी उपाशीपोटी तांब्याभर काहीतरी पाजते, तो तांब्या वेगळा ठेवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आम्ही पंचनामा केला. तांब्या, हळद, मसाला, पीठ, मुलाची औषधं, सगळं तपासणीला पाठवलं. पाणी खात्याच्या माणसाने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं. सगळे अहवाल स्वच्छ आले. मामा ठाण्यात येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, पीठ साफ, पाणी साफ. मग घरात राहिलं कोण?"

वरिष्ठही गुन्हा दाखल करा म्हणत होते. मुलगा मामाकडे द्यायची तयारी सुरू झाली होती. एमआयडीसीत फिटर असलेला बाप नुसता खाली बघत बसायचा. बायकोची बाजू घ्यायची की मेव्हण्याची, हे त्याला सुचत नव्हतं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, म्हणून मी आमच्या महिला हवालदाराला घेऊन गेलो. मुलाची सावत्र आई बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, पंचवीस-सव्वीसची, कडेवर अंगावर पिणारी पोर. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं फार सांगतो, असा माझा अनुभव. ही विचारलं तेवढंच सांगत होती. तांब्यात काय असतं? पाणी. कसलं? नळाचं. मग वेगळा तांब्या कशाला?

"पहिलं पाणी त्याचं असतं," ती म्हणाली. "उठल्या उठल्या नळ सोडते, पहिला तांब्या त्याचा. मग हंडा, मग बाकीचं."

"पहिलंच का?"

ती पोरीला थोपटत राहिली. मग म्हणाली, "त्याची आई वरून बघत असंल ना साहेब. तिला वाटाया नको, माझ्या लेकराला ही उरलंसुरलं देते."

महिला हवालदार खिडकीकडे वळली.

मी जबाब लिहायला लागलो तेव्हा एक गोष्ट आठवली. पाणी खात्याच्या माणसाने बाटली भरण्याआधी नळ बराच वेळ वाहू दिला होता. मी प्रयोगशाळेतल्या केमिस्ट बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, जंतू तपासायचे असतील तर तीच पद्धत बरोबर आहे. पण शिसं शोधायचं असेल तर उलट करावं लागतं, कारण ते पाइपातून उतरतं. रात्रभर थांबलेलं पाणी वाहून जाऊ न देता भरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पंचांसह तिच्या ओट्यापाशी उभे राहिलो. तिला सांगितलं, रोज करतेस तसंच कर. तिने नळ सोडला. पहिल्या पाण्याची एक बाटली भरली, हंडा भरून झाल्यावर दुसरी. दुसरी स्वच्छ निघाली. पहिलीत तांबं होतं आणि शिसंही होतं, मर्यादेच्या कितीतरी वर.

बापाला ठाण्यात बोलावून ओट्यामागच्या पाइपाबद्दल विचारलं. बायको गरोदर असताना तिला खालच्या सार्वजनिक नळावरून हंडे वाहावे लागू नयेत म्हणून त्याने स्वतः गच्चीच्या टाकीपासून लाइन ओढली होती. कारखान्यातून बाद झालेले तांब्याच्या पाइपाचे तुकडे, आणि प्रत्येक जोडाला वितळवून लावलेलं शिशाचं सोल्डर. "मजबूत काम केलं होतं साहेब," एवढंच तो म्हणाला आणि रडू लागला. नवरा कामावर पाणी प्यायचा, बायको हंड्यातलं. पहिलं पाणी एकट्या मुलाच्या पोटात जात होतं.

गुन्हा कुणाचाच नव्हता. मामाने अर्ज मागे घेतला आणि नवा प्लास्टिकचा पाइप खांद्यावर टाकून स्वतःच आला. तिला म्हणाला, "ताई, पकड सांभाळून, नाहीतर माझ्या नावाने पुन्हा पंचनामा व्हायचा." ती हसली नाही.

पाणी खात्याचं पाणी चांगलंच होतं. नियमाप्रमाणे ते तपासलंही जात होतं. पण मूल पाणी पितं ते घरातल्या नळाच्या तोंडाशी, आणि तिथे थांबलेल्या पाण्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी तसं लेखी कळवलं. त्या भागात काही घरांतून पहाटेचं पाणी तपासायला सुरुवात झाली, याचं मला समाधान आहे. माणसाबद्दलही तेच शिकलो. आपण आपल्या सोयीने तपासतो आणि स्वच्छ किंवा दोषी ठरवून मोकळे होतो.

मुलगा हळूहळू सुधारत होता. पण तिने मला एकदाच विचारलं होतं, "म्हंजे मीच पाजलं ना?" तेव्हापासून ती त्याला हाताने काही देईना. ताट वाढून बाजूला व्हायची, आणि मुलगा न जेवता तिच्याकडे बघत राहायचा. महिला हवालदाराने हे सांगितलं त्या दिवशी मी काकीला पत्र लिहिलं. फोनवर तिला नीट ऐकू येत नसे.

"तीर्थस्वरूप काकीस साष्टांग नमस्कार. दोन दिवसांसाठी बदलापूरला ये, मी गाडी पाठवतो. इथे एक बाई आहे, तिला तू भेटायला हवंस. सगळी हकिकत आल्यावर सांगेन. मी जावेचं पोर म्हणून तुझ्या घरी आलो, तेव्हा तव्यावरची पहिली भाकरी तू नेहमी माझ्या ताटात टाकायचीस. तुझी स्वतःची दोन पोरं बघत बसायची. तवा नीट तापलेला नसायचा, पहिली भाकरी हटकून बिघडायची, कधी कच्ची, कधी कडेने करपलेली. दोनदा तर माझं पोट बिघडलं आणि तू स्वतःला बोल लावत बसलीस. काकी, ती भाकरी कशी लागायची हे मला आज आठवत नाही. पहिली माझी असायची, हे आठवतं. हे तिला मी सांगून उपयोग नाही, मी पोलीस आहे. तू सांग. आणि तिच्या हाताने त्या पोराला एक घास भरवून घे, मगच परत जा."