बाहेर उघडणारं दार

सुतारमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते घराचं दार लावून आत उभे होते. यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की घर नव्हतं.

अगदीच नव्हतं असं म्हटलं तर मामा रागावतील. समोरची भिंत होती आणि तिच्यात दार होतं. छप्पर आदल्या दिवशीच्या चक्रीवादळाबरोबर निघून गेलं होतं आणि एकट्यानं जायला नको म्हणून आजूबाजूच्या भिंतीही सोबत घेऊन गेलं होतं. मी नवाकोरा भाचेजावई. बायकोनं मेणबत्त्या, पाव आणि कोरडं पांघरूण देऊन मला मामांच्या चौकशीला पाठवलं होतं. मामा मला रस्त्यावरून येतानाच, भिंतीच्या कडेनं, डोक्यापासून चपलांपर्यंत दिसत होते. मामी मागच्या बाजूला ओट्यापाशी उभ्या राहून उशी पिळत होत्या, त्याही दिसत होत्या. तेव्हा मी साध्या माणसासारखा विटांवरून पाय टाकून आत जायला निघालो.

"जावईबापू, दारातून या," मामा म्हणाले.

मी वळसा घालून दारासमोर उभा राहिलो. आतून कडी काढल्याचा आवाज आला, मग दोनदा खोकल्याचा आणि पुढच्याच क्षणी दार बाहेर उघडून माझ्या नाकावर आलं. पाव मध्ये होता म्हणून नाक वाचलं. पाव चपटा झाला.

"बघा, कुरकुरलं का?" मामांनी विचारलं. त्यांना दाराबद्दल म्हणायचं होतं.

मामांचं सगळं आयुष्य या एका दारात होतं, म्हणून त्याचा इतिहास सांगायला हवा. मामा लहान असताना त्यांच्या वडिलांच्या घराला चारचौघांसारखं आत उघडणारं दार होतं. एका वादळात सगळं कुटुंब त्या दाराला पाठ लावून बसलं. मामा इतके लहान होते की त्यांची पाठ फक्त खालच्या फळीला पुरायची. पण त्या फळीची जबाबदारी आपली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी वाऱ्यानं दार उखडलंच आणि वडिलांना त्यावर बसवून स्वयंपाकघरापर्यंत नेलं. वडिलांना खरचटलंसुद्धा नाही. ते चुलीपाशी उतरले. पण मुलाच्या डोक्यात जे शिरलं ते कायमचं. आत उघडणारं दार वाऱ्याला पाहुण्यासारखं घरात घेतं. बाहेर उघडणाऱ्या दाराला मात्र वारा स्वतःच चौकटीवर दाबून धरतो. "शत्रूलाच पहारेकरी नेमायचा," मामा म्हणायचे आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की ते झाल्यावर थोडा वेळ थांबायचे.

पुढे मामा सुतार झाले आणि गल्लीतलं प्रत्येक दार त्यांनी बाहेर उघडणारं केलं. गल्ली अरुंद. फुटपाथ तर असा की दोन बारीक माणसांनीही एकमेकांची परवानगी घेऊन जावं. पहिल्या वर्षी बरीच कपाळं फुटली. मग मामांनी नियम घालून दिला: दार उघडण्यापूर्वी आतल्यानं दोनदा खोकायचं. गल्लीला याची इतकी सवय झाली की खोकल्यावरून माणूस ओळखू यायचा. शेजारचा शिंपी बारीक, सुईत दोरा ओवल्यासारखा खोकायचा. समोरच्या मास्तरीणबाई खोकल्या की आम्ही पोरांसारखे बाजूला सरायचो. मामांचा खोकला म्हणजे कच्च्या लाकडात करवत अडकल्यासारखा, तो तर कोपऱ्यावर ऐकू यायचा.

मामा आणि मामी यांनी सारखीच वादळं सोसली होती, पण ऐकणाऱ्याला ती वेगळ्या देशांत झाली असावीत असं वाटे. मामींना प्रत्येक वादळ त्यानं काय नेलं यावरून आठवायचं आणि मामांना काय राहिलं यावरून. मामींच्या लेखी जे शिलाई मशीनचं वादळ, ते मामांच्या लेखी चौकटीचं. समुद्रावरून येणाऱ्या वादळांचा मामांना फारसा राग नव्हता. ती रेडिओवर आगाऊ कळवून येतात, रीतसर. त्यांना चीड होती ती आभाळातून सोंड सोडणाऱ्या वावटळीची. ती न कळवता येते, एका घराला उचलते आणि शेजारच्याच्या वाळत घातलेल्या बनियनला हात लावत नाही. "त्यात काही शिस्तच नाही," मामा म्हणायचे.

छप्पर गेलं त्या वादळानंतर मात्र मामींनी पिशव्या भरल्या. लेक समुद्रापासून दूर, आतल्या शहरात राहायची. तिथं वादळ फक्त टीव्हीवर यायचं. ती कधीपासून बोलावत होती. मामी म्हणाल्या की आता उरलेलं आयुष्य वारा सुटला की काळीज हातात धरून बसायची त्यांची तयारी नाही. मामा म्हणाले की ही गल्ली सोडली तर त्यांना दुसरीकडे कोण ओळखणार. लेकीच्या इमारतीत दरवाजे कारखान्यातून येतात. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले आणि मी गेलो की माझ्यामार्फत बोलू लागले. "मामांना सांगा, चहा झाला," मामी म्हणायच्या. मामा हातभर अंतरावर असायचे.

अखेर तोडगा निघाला. नव्या घरात जिन्याखाली एक भक्कम, बिनखिडकीची खोली बांधायची. भिंती गवंड्यानं घालायच्या, दार मामांनी करायचं. पुढच्या वादळात त्या दारानं दोघांना नीट सांभाळलं तर इथंच राहायचं. नाही सांभाळलं तर लेकीकडे. साक्षीदार म्हणून मला बसवलं गेलं आणि दोन्ही बाजूंनी चहा मिळाला.

ते दार मी पाहिलं आहे. तसं दार मी पुन्हा पाहिलं नाही. सागवानाच्या दुहेरी फळ्या, मध्ये लोखंडी पट्ट्या, मनगटाएवढ्या बिजागऱ्या. अर्थातच बाहेर उघडणारं. मामा त्याच्यावर हात फिरवायचे तसा हात त्यांनी लेकीच्या डोक्यावरूनही फिरवल्याचं मामींना आठवत नव्हतं. खोलीच्या आतल्या फळीवर मामींनी पाणी, बिस्किटांचा डबा आणि कंदील ठेवला. त्यांनी अवजारंही ठेवावीत असं सुचवलं तेव्हा मामांना तो दाराचा अपमान वाटला. आत बसून अवजारं कशाला लागतील? विषय तिथंच संपला, असं मामांना वाटलं.

वावटळ एका दुपारी आली, लोक भांडी घासत असताना. आम्ही चार गल्ल्या पलीकडे राहत होतो. आमच्या फक्त काचा गेल्या. आवाज थांबला तशी बायको आणि मी धावत सुटलो. शिंप्याचं घर जसंच्या तसं होतं, त्याच्या खिडकीतली कुंडीसुद्धा. मामांचं नवं घर मात्र स्वतःच्याच पायांवर बसलं होतं. जिना कोसळला होता आणि त्याच्या ढिगाऱ्याआड जिन्याखालची खोली होती. शिंपी विटा उपसत होता. माझी बायको मामांना हाका मारत त्याच्या शेजारी विटा उचलू लागली.

तेवढ्यात आतून दोनदा खोकल्याचा आवाज आला.

आम्ही सगळे सवयीनं दोन पावलं मागे सरलो. दार काही उघडलं नाही. जरा वेळानं पुन्हा खोकला. पुन्हा आम्ही सरलो. तिसऱ्यांदा मामी ओरडल्या, "अहो, खोकून काय होणार आहे?" आणि माझी बायको ढिगाऱ्यावर बसून हसत रडू लागली.

विटा काढल्यावर भानगड कळली. दाराला आडवं कपाट येऊन अडकलं होतं. तेही मामांनीच केलेलं. लग्नात मामींसाठी केलं होतं आणि इतकं जड होतं की तेव्हापासून त्याच्यामागचा केर काढलेला नव्हता. वरून जिन्यानं त्याला असं दाबून धरलं होतं की आम्ही तिघांनी मिळून रेटलं तरी ते इंचभर हललं नाही. मामांनी केलेलं कपाट, मामांनी केलेलं दार, आणि दोघांपैकी मोडायला कोणीच तयार नाही. दार आत उघडत असतं तर मामा आरामात उघडून बाहेर आले असते. पण ते बाहेर उघडत होतं. शिवाय बिजागऱ्याही बाहेर, कपाटाच्या मागे.

वर अर्धवट लटकलेलं छत कुरकुरत होतं. ते कपाटावर आलं असतं तर दोघांना काढणं कठीण होतं, हे आम्हांला दिसत होतं. आत मामांनाही त्या आवाजाचा अर्थ कळला. लाकूड केव्हा बोलतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आत काय झालं ते मामींनी नंतर सांगितलं. मामा दाराला खांदा लावून ढकलत होते, जसं लहानपणी ढकललं होतं तसंच, फक्त उलट्या बाजूला. मग ते खाली बसले. मामी म्हणाल्या, "बिस्किटांच्या डब्यामागं करवत आहे."

मामांनी डबा बाजूला सारला आणि करवत हातात घेतली. "माझ्या दारावर विश्वास नव्हता तुझा?"

"होता," मामी म्हणाल्या. "म्हणूनच करवत ठेवली."

बाहेर आम्हांला करवतीचा आवाज आला. कपाटाच्या पायांमधून, लोखंडी पट्ट्यांच्या खालची फळी थोडी मोकळी होती. मामांनी तीच कापायला घेतली. सबंध आयुष्यात त्यांनी लाकडावर इतकी सावकाश करवत चालवली नसेल. शिंपी म्हणाला, घाई करा म्हणावं, पण मी तसं म्हटलं नाही. त्या भोकातून आधी बिस्किटांचा डबा बाहेर आला, मग मामी, मग मामा. सगळे रस्त्याच्या मध्यापर्यंत पोहोचलो आणि मागे छत बसलं. धूळ खाली आली तेव्हा ढिगाऱ्यात एकच गोष्ट उभी होती. चौकटीत घट्ट, खाली एक भोक असलेलं दार.

मामी माझ्याकडे वळल्या. मी साक्षीदार. मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाले, "त्यांना कशाला विचारतेस. पिशव्या भर." मग दाराकडे पाहत म्हणाले, "दार चांगलं होतं. बाजू चुकली."

जाण्यापूर्वी मामांनी उभ्या राहिलेल्या गल्लीतलं प्रत्येक दार उतरवलं आणि आत उघडेल असं पुन्हा बसवलं. शिंप्याचं, मास्तरीणबाईंचं, सगळ्यांचं. कोणी विचारलं तर ते ऐटीत सांगायचे की ही नवी पद्धत आहे आणि आधीची मुळात तात्पुरतीच होती. आता वाऱ्याचं काय, असं मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी प्रत्येक दाराला आतून जाडजूड अडसर बसवून दिला आणि तो शत्रूच्या नाकावर कसा बसतो याचं नवीन वाक्य तयार केलं. शेवटचं दार झालं त्या दिवशी गल्ली एकदम शांत वाटली. कोणीच खोकत नव्हतं.

मामा-मामी आता लेकीकडे असतात. तिच्या फ्लॅटला सरकतं दार आहे. ते उघडण्यापूर्वी मामा दोनदा खोकतात, म्हणून लेकीनं त्यांना कफाचं औषध सुरू केलं आहे.