पाच मिनिटांची माफी

"कितव्यांदा पास झाली?"

टेस्ट हिरवी झाली असं मी ओरडून सांगितलं, की ती मान वर न करता एवढंच विचारायची. मी छातीठोकपणे "पहिल्यांदाच" म्हणायचो. ती हसायची.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर थाप पचत नाही. भिवंडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात ती होती. अंजूरहून शेअर रिक्षाने यायची. माझ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणायचो. प्रोग्रॅम मी लिहायचो, आणि त्यांची आपोआप परीक्षा घेणाऱ्या टेस्ट ती.

तेव्हा निजामपुऱ्यातल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमाग कारखान्याच्या, हजेरीचं काम चालू होतं. कामगाराने कार्ड लावलं की वेळ साठवायची. टेस्ट तीच वेळ परत वाचून ताडून बघायची, आणि दहातून सातदा लाल व्हायची. मी आपला पुन्हा पुन्हा चालवायचो. एकदा हिरवी दिसली की विषय संपला.

एक दिवस आमच्या ऑफिसचे शेठ वैतागले. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. सगळं हिरवं पाहिजे, नाहीतर टेस्टिंगला वेगळं माणूस ठेवायचं कशाला?"

ताईचं घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालत होतं.

मला तिची नोकरी वाचवायची होती, म्हणून मी अतिशहाणपणा केला. लूममध्ये शिफ्टला पाच मिनिटं उशीर माफ असतो. तीच माफी मी टेस्टला देऊन टाकली. दोन वेळांत पाच मिनिटांपर्यंत फरक असला तरी पास! सगळं हिरवंगार झालं आणि मी ऐटीत तिच्यासमोर चहा ठेवला.

तिने चहाला हात लावला नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चार मिनिटांची चूक घातली आणि टेस्ट चालवली. तरी हिरवी.

"बघितलंस? माफी माणसाला हाय. मशीनला कशाला?"

मग तिने माझ्या माफीआधी पास झालेल्या वेळा वहीत उतरवल्या. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्या प्रत्येक वेळेचा शेवटचा आकडा शून्य, तीन नाहीतर सात होता.

"डेटाबेसला एवढी बारीक वेळ धरताच येत न्हाय रे. तो जवळच्या आकड्यावर सरकवतो, मग ताडताना जुळत न्हाय."

तिने लूमच्या मुकादमाला फोन लावून विचारलं, वेळ किती बारीक हवी? त्याचं हसू मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. "मॅडम, इधर मिनट मिल जाए तो भी बहुत है!"

आम्ही साठवण्याआधीच वेळ पूर्ण सेकंदावर कापली आणि माझी माफी काढून टाकली.

शनिवारी गिऱ्हाईकासमोर टेस्ट पहिल्या झटक्यात हिरवी झाली. शेठ खूश. मी सुटकेचा श्वास सोडला, तर ताईने परत चालवली. मग परत. माझा जीव टांगणीला लागला. एकदा जरी लाल झाली असती तरी तिची नोकरी गेली असती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. विसाव्या खेपेला गिऱ्हाईकानेच हात जोडले. "बस करो मॅडम, यकीन हो गया."

पुढच्या वर्षी ती ठाण्याच्या मोठ्या कंपनीत गेली. शेठ मला म्हणाले, "तिच्यासारखंच माणूस शोध." मी म्हटलं, "मग दोघं घ्या."

त्यांनी खरंच दोघांना घेतलं. पोरं हुशार होती, पण मी सांगितलेलं सगळं त्यांना खरं वाटायचं. तेव्हा मला तिची फार आठवण यायची.