कंट्रोलमधली हळद

"सुभेदार, खरं सांगा. मुळांच्या सॅम्पलसाठी खड्डे काढायच्या आधी हळद टाकली होती का?" मी फोनवर जवळजवळ खेकसलेच.

"टाकली की! आमच्या हिनं टाकली. काळ्या आईला टोचायचं आन हळद-कुंकू न्हाई लावायचं?"

झालं! मी कपाळावर हात मारला.

सुभेदार म्हणजे माण तालुक्यातले रिटायर्ड फौजी. त्यांची डाळिंबाची बाग निम्मी हिरवीगार, निम्मी मान टाकलेली. आमची सांगलीची लॅब त्याचं कारण मुळांत शोधत होती. झाडाच्या बारीक मुळांत एक उपकारी बुरशी राहते. ती लांबून पाणी आणि स्फुरद ओढून आणते, झाड तिला साखर देतं. चांगला संसार आहे दोघांचा. पण ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मुळं कुटायची, त्यातला डीएनए काढायचा, मशीनमध्ये त्याच्या लाखो कॉपी करायच्या आणि त्या वाचून आत कोणकोण राहतं याची यादी करायची.

आमच्या यादीत सगळ्यात वर होती हळदीच्या पोत्यांत वाढणारी बुरशी. तीही प्रत्येक सॅम्पलमध्ये.

लॅबचे प्रमुख, आमचे सर, तापले. "पैसे देणारी कमिटी येतेय. त्यांना हे दाखवू? प्रोजेक्ट बंद पडेल, आणि तुमचं कॉन्ट्रॅक्टही."

"सर, सुभेदारांच्या घरच्या काकूंनी हळद टाकलीय. मी पुन्हा सॅम्पल आणते."

दुसऱ्या दिवशी बागेत हजर. काकूंना तोंडावर सांगितलं, "तुमच्या हळदीनं माझं काम नासलं. आता चिमूटभरसुद्धा नको." काकूंनी चहासुद्धा विचारला नाही, म्हणजे बघा. सुभेदार मात्र काठी घेऊन खड्ड्यांपाशी उभे. "हुकूम म्हंजे हुकूम, मॅडम. आज देव आला तरी सोडत न्हाई."

या खेपेला मी कंट्रोलही लावला. कंट्रोल म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्याची नळी. मुळांबरोबर तिलाही सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं. शेवटी ती रिकामी निघाली पाहिजे. काही निघालं, तर घाण आपलीच. पहिल्या खेपेला वेळ वाचवायला मी तो गाळला होता. कबूल करते.

रिपोर्ट आला. हळदीची बुरशी पुन्हा पहिल्या नंबरावर. आणि कंट्रोलमध्येही! अहो, त्या पाण्यानं माण कधी बघितलंच नव्हतं.

मी सेंट्रिफ्यूज उघडला. नळ्या गरागरा फिरवतो तो. झाकणाला आतून पिवळी बोटं उमटलेली. मग आठवलं. खंडेनवमी! त्या दिवशी आम्ही सगळ्या मशीनांची पूजा केली होती. सर स्वतः म्हणाले होते, "आतून पण लावू, काम आतच होतं ना!" आणि पिपेटींना, म्हणजे थेंब मोजून घ्यायच्या नळ्यांना, हळद लावली होती मी. चांगली ठसठशीत.

सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी आपली बोटं त्या ठशांशी लावून पाहिली.

"ही माझी बोटं?"

"हो सर. पिपेटींवरची माझी."

"कमिटीला काय सांगायचं?"

"आधी पुसू, सर."

दोन दिवस ब्लीचनं घासलं. मग पहिल्या खेपेची उरलेली मुळं काढली, काकूंनी हळद टाकलेली, आणि कंट्रोलसकट पुन्हा तपासली. कंट्रोल रिकामा निघाला. मुळंही साफ. कुटण्याआधी आम्ही मुळं धुतो, काकूंची हळद तिथंच गेली होती बिचारी. हिरव्या भागात उपकारी बुरशी भरपूर, सुकलेल्या भागात नावाला. विचारलं तर कळलं, दुकानदाराच्या सांगण्यावरून सुभेदार तिकडे बुडाशी बुरशीनाशक ओतत होते. कमिटी खूश झाली. कॉन्ट्रॅक्ट वाचलं.

माफी मागायला मात्र माणला जावंच लागलं. सुभेदार ठसका लागेपर्यंत हसले. "आयला! म्हंजे हळद तुमची, आन बोलणी आमच्या हिला? आन मी काठी घिऊन उभा!"

काकूंनी या वेळी चहा दिला. निघताना करंडा घेऊन आल्या. बोट हळदीत बुडवलं, माझ्या कपाळाजवळ आणलं आणि थांबवलं.

"लावू का, मॅडम? का परत मशीन बिघडायचं तुमचं?"

मी कपाळ पुढं केलं. कंट्रोल न लावता दुसऱ्याच्या हळदीला नावं ठेवली, की एवढं ऐकून घ्यावं लागतं.