पलंगाचे चार पाय

येसूबाईसारखी बाई आमच्या नागावात दुसरी नाही, आणि देवाने दुसरी घडवूही नये. तिच्या आणि माझ्या नारळाच्या वाडीत फक्त एक कुंपण, त्यामुळे तिच्या घरातलं भांडण मला कान न देताही ऐकू येतं.

तिचा मुलगा परेश ट्रक चालवतो. त्याने पनवेलला दुसरी बाई ठेवलीय हे कळलं, तशी सून मृणाली तडक रेवदंड्याला माहेरी निघून गेली. "सामान न्यायला येईन," एवढंच म्हणाली. आमच्याकडे माहेरहून आलेलं सामान मुलीचंच. संसार मोडला की ते गावातल्या माणसांसमोर परत जातं, आणि ते गेलं की नातं संपलं. येसूबाईला हे नातं संपवायचं नव्हतं. माया म्हणाल, तर मुळीच नाही! पर्यटकांच्या खोल्या झाडायला तिला बिनपगारी सून हवी होती.

मग बाईने काय करावं? मृणालीच्या वडिलांनी, दयारामने, लग्नात दिलेला सागवानी पलंग उचलून वाडीत नेला. वर ताडपत्री अंथरून नारळाची सोडणं आणि माती भरली, अबोली लावली, आणि चारही पाय हातभर जमिनीत गाडले. मृणालीच्याच आरशाच्या टेबलाचे खण काढून त्यांत झेंडू. मुंबईचे पाहुणे फोटो काढत आणि "काय कल्पना आहे!" म्हणत. कल्पना कसली, शुद्ध हलकटपणा. शेजाऱ्याचं रोप आपल्या जमिनीत रुजलं तर झाड आपलं, असं आमच्या वाडीवाल्यांत धरतात. येसूबाईने तोच न्याय पलंगाला लावला.

मृणाली वडिलांना आणि टेम्पो घेऊन आली. गावातली चार माणसं जमली. येसूबाई पलंगापुढे उभी राहिली.

"जमिनीत हाय ते माझं. कोन कुदळ घालतो बघते!"

धर्माजी जमलेल्यांत सगळ्यांत वडीलधारे. ते मान खाजवत म्हणाले, "जमीन तिची हाय पोरी. खणता न्हाय यायचं."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का?" मी कुंपणावरून ओरडले. कोणाला, ते सांगितलं नाही. सगळ्यांनाच लागू होतं.

मृणालीने वाद घातला नाही. खण उपडे करून टेम्पोत टाकले. अबोली उपटली, पलंगावरची माती खाली ढकलली. मग माझ्याकडे वळली. "सुचिताताई, करवत हाय का?"

मी इतक्या आनंदाने कधी कोणाला काही दिलं नसेल.

करवत जमिनीला टेकवून तिने पहिला पाय कापायला घेतला. दयारामच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाय, बिनपायाचा पलंग नेऊन काय करशील?"

"भुईवर टाकीन आनी निजेन."

शेवटचा पाय मग त्यानेच कापला. पलंग टेम्पोत चढला. येसूबाईच्या जमिनीत चार खुंट तेवढे उरले.

सासूला आजवर आई म्हणणारी मृणाली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"येसूबाई, जमिनीत हाय ते तुमचं. पाय ठेवा. तुमचा लेक पन ठेवा."

लेक कुठे होता ठेवायला? तो पनवेलला होता.