आधी डबी, मग भोंगा

लाउडस्पीकरची मशीन सुरू केली की आमचे भोंगेवाले तिथं एक मिनिट थांबायचे नाहीत. उजव्या कानाची पाळी चिमटीत धरून, गर्दीतून वाट काढत थेट मागे, बैलगाड्या सोडलेल्या असत तिथवर जायचे. "अहो, निघालात कुठं?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मशीनपाशी तं सारंच चांगलं आयकू येते, मास्तर. मागच्या गाडीवरच्या बाईले इचारतो." आणि खरंच विचारायचे! बाई लाजून तोंडाला पदर लावायची, पण सांगायची.

मी तेव्हा नवेगाव बांध या गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मास्तर म्हटला की गावची सगळी बिनपगारी कामं त्याच्याच गळ्यात. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, गोंदियाहून लाउडस्पीकर आणणं हे त्यातलंच एक. पहिल्यांदा हे गृहस्थ आले तेव्हा बैलगाडीत तणसाच्या गादीवर मशीन बसलेली आणि हे मागून पायी. मी म्हटलं, "गाडीत बसा की!" तर म्हणाले, "मी हादरलो तं चालते. तिच्या पोटातले काच नाही चालत."

आमची मंडई भरदुपारची. चिवड्या-मुरमुऱ्याची दुकानं, पाळणा, आणि मधोमध खडी गंमत, आमच्याकडचा तमाशाच म्हणा. शाहीर, नाच्या, ढोलकी आणि चोनका. चोनका ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. काखेत धरायचा लाकडी पोकळ डबा, एका तोंडाला कातडं, त्यातून निघालेली एकच तार. छेडली की पोटातून घुमतो. तो तीस वर्षं डोमाजी वाजवत होता. धानाची शेती करणारा, अगदी कमी बोलणारा माणूस.

लाउडस्पीकर आला आणि डोमाजीचे ग्रह फिरले. शाहिराचा गळा तळ्यापार जायचा, ढोलकी कडाडायची, आणि चोनका कुठंच नाही! भोंग्याला बारीक आवाज प्यारा, खर्जाचं त्याला वावडं. पहिल्याच मंडईत शाहीर म्हणाला, "पुढच्या साली डोमाजीले कायले उभा करायचा? कोणाले आयकू येते?" डोमाजी समोरच तार पुसत होता. पुसतच राहिला. मला मात्र असा संताप आला, की शाहिराला फेट्यासकट बांधाच्या तळ्यात बुडवावंसं वाटलं.

भोंगेवाल्यांनी ते ऐकलं होतं. जाताना शाहिराला म्हणाले, "एक साल थांबा. मंग काढा त्याले."

पुढच्या मंडईला ते एक पत्र्याची डबी घेऊन आले. आत काचेचा एकच व्हॉल्व्ह, बाहेर दोन कळा. जुन्या हेडफोनची वाटी त्यांनी माईक म्हणून चोनक्याच्या लाकडाला सुतळीनं बांधली. तिची वायर डबीत, डबीची वायर मशीनमध्ये. 'प्रीॲम्प्लिफायर' हा शब्द मला फार पुढे कळला, पण त्यांची व्याख्याच मला जास्त पटते. "चोनका गरीब माणूस हाये, मास्तर. दबकून बोलते. मोठ्या साहेबाले काय आयकू येईन? म्हणून डबीत आधी त्याले उभा करायचा, कपडे झाडायचे, मंग साहेबासमोर न्यायचा." एका कळीनं जोर वाढवायचा, दुसरीनं घुमारा थोडा कमी करून छेडण्याला धार आणायची. "भोंग्याले पचते तेवढंच वाढायचं."

मंडईच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गात करून पाहिलं. डोमाजीनं हलकेच तार छेडली आणि दचकून हात थांबवला.

"कोण वाजवून राहिला?"

"तुमीच, दादा!" भोंगेवाले हसत सुटले. तीस वर्षं ढोलकीच्या आडून वाजवणाऱ्यानं स्वतःला धड ऐकलंच नव्हतं हो!

मंडईत मात्र घोटाळा झाला. लोकांना ऐकू जावं म्हणून जीव तोडून छेडायची जुनी सवय! ढोलकी सुरू होताच डोमाजीनं हाणली तार. भोंगा फाटक्या सुपासारखा खरखरला. बसलेले बैल उठले, माणसं हसली. दुसऱ्यांदा तेच. शाहिरानं गाणं थांबवलं आणि भर मंडईत ओरडला, "बाहेर काढा याले!"

डोमाजीचा चेहरा उतरला. भोंगेवाले गाड्यांपासून धावत आले. मला वाटलं, आता कळ फिरवतील. कळीला हातसुद्धा लावला नाही. डोमाजीच्या मनगटावर हात ठेवला.

"दादा, घरी नात हाये ना? तिले झोपवताना वाजवता का?"

"हाव."

"तसाच वाजवा. जोर डबी लावते."

डोमाजीनं डोळे मिटले. आणि मग काय सांगू तुम्हाला! चोनका पार गाड्यांपर्यंत गेला. मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या, म्हाताऱ्यांच्या माना डोलू लागल्या. गाणं संपल्यावर शाहीर म्हणतो कसा, "मी तं म्हणतच होतो, डोमाजीबिगर गंमत नाही." लबाड कुठला! पण त्यानंतर डोमाजीला काढायची गोष्ट कोणी बोललं नाही.

असे चार-पाच हंगाम गेले. मग एका हिवाळ्यात ताप आला आणि भोंगेवाले गेले. तेरवीला मी आणि डोमाजी गोंदियाला गेलो. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते कोणाला सांगावं हेही कळत नव्हतं. अंगणात दाटी होती, बाहेर रस्त्यावर टांग्यांचा गलका. डोमाजीनं पिशवीतून चोनका काढला. डबी नाही, भोंगा नाही. नातीला झोपवावं तसं हळू वाजवू लागला.

मागून कोणीतरी म्हणालं, "बाबा, जरा जोर से! सुनाई नहीं देता."

मीही त्याच्या कानाशी लागलो, "डोमाजी, जोरात छेड ना!"

त्यानं मान हलवली. "नाही मास्तर. त्याईनंच हळू वाजवाले सांगतलं मले."

मग मागची माणसं उठली आणि सरकत सरकत त्याच्याजवळ येऊन बसली.