मळकी तार

नागपूर सोडलं तेव्हा पिशवीत सही केलेला एक कागद होता. तो पोचवल्याशिवाय परतायचं नाही, एवढं ठरलं होतं. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून दारव्ह्याच्या छोट्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना फुटलेली पराटी (कपाशी), आणि गाडी इतकी सावकाश की वेचणीवाल्या बायांशी बोलणं पुरं होतं. इंजिनाची ठिणगी उडून बाहीला भोक पडलं. समोरचे म्हातारबुवा म्हणाले, "तिकिटाले भोक पाडाले कोणी येत नाही, सदऱ्याले मात्र पाडते."

दारव्ह्याला बंडी (बैलगाडी) मिळाली. बोरी अरबच्या पुढच्या तांड्यावर राठोडांकडे जायचंय, म्हणालो.

"नागपूरहून काढून देल्लेले राठोड?" बंडीवाल्यानं विचारलं. "खोटे आकडे लिवले म्हणतात."

दहा वर्षांनी, इतक्या लांब, माझं वाक्य मला परत ऐकायला मिळालं.

आता सांगतो. राठोड आणि मी एकाच प्रयोगशाळेत होतो, मी थोरला. काचेच्या नळीत केसासारखी प्लॅटिनमची तार, भोवती कार्बन डायऑक्साइड. वायूचा रेणू तापल्या तारेवर आपटून उडतो तेव्हा त्याची धाव लगेच वाढते, पण त्याच्या आतल्या अणूंची थरथर तितक्या सहज वाढत नाही. एका धडकेत धातू किती थरथर देतो, ते आम्हाला हवं होतं. दर मोजणीआधी हवा काढून तार लाल तापवायची, म्हणजे तिच्यावर चिकटलेला मळ उडतो. पण लाल केली की तार तुटायची, आणि नवी बसवायला पंधरा दिवस जायचे. मी ते टाळत गेलो. राठोडनं एकदाही टाळलं नाही. त्याचा आकडा माझ्याहून बराच कमी येई. माझा निबंध तयार होता. मी प्राध्यापकांना सांगितलं, राठोडचे आकडे बनावट आहेत. तांड्यातून आलेल्या मुलापुढे कोणाचा शब्द चालेल, हे मला ठाऊक होतं.

तांड्यावर पोचलो तेव्हा राठोड अंगणात कापूस पसरत होता. मला पाहून उभा राहिला. त्याच्या याडीनं (आईनं) मी कोण ते न विचारताच बाटी (भाकरी) आणि वांग्याची भाजी वाढली.

"सांगितल्यावर जेवीन," मी म्हणालो.

"मंग मले एकट्याले नोका सांगू, जोशीसाहेब," राठोड म्हणाला. "आमच्यात असली बात नायकापुढं होते."

तांड्याचे नायक (प्रमुख) लिंबाखाली बसले होते. माणसं जमली. मी पिशवीतला कबुलीचा कागद पुढे ठेवला. जे विद्वानांपुढे बोललो नव्हतो ते इथे साध्या शब्दांत सांगावं लागलं: तार मळकी असली की वायू तिच्याकडून जास्त ऊब घेतो, स्वच्छ असली की कमी.

नायकांनी विचारलं, "साफ करून कोनं मोजलं?"

"यानं."

"अन् मळकी?"

"मी."

"मंग खोटा कोन ठरला?"

"हा."

कोणीतरी हसलं. नायक हसले नाहीत. "तुमाले तवाच मालूम होतं?"

कागदात हे नव्हतं. "होतं," मी म्हणालो. "एकदा गुपचूप तार लाल करून मोजलं. याचाच आकडा आला. ते पान मी फाडून प्रयोगशाळेच्या टोपलीत टाकलं."

याडी मागे उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. जरा वेळानं बाटी पुन्हा गरम करून आणली. माझ्यापुढे ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी जेवलो.

निघताना राठोडकडे त्याची जुनी वही मागितली. माझ्या छापलेल्या निबंधाची दुरुस्ती त्याच्या नावानं छापायची होती.

"वही पाहून कोनीबी आकडा आनते," तो म्हणाला. "तुमी मोजा. आल्यावर लिवा. पयले दुसरा काहून आला, तेबी लिवा."

परतीच्या गाडीत मी बाही दुमडून बसलो. नागपुरात तीन तारा तुटल्या. चौथी लाल होऊन शाबूत राहिली. आलेला आकडा मी पोस्टकार्डावर लिहून पाठवला.

आठवड्यानं वही आली. चिठ्ठी नव्हती. आकडा जुळला. शेवटच्या पानावर खळीनं चिकटवलेले कागदाचे तुकडे होते, एकही हरवलेला नाही, आणि अक्षर माझं होतं.

तो दहा वर्षं ते कोणालाही दाखवू शकला असता. दुरुस्तीच्या निबंधाला मी ते पान जोडलं आहे.