भोंग्याचा घसा

बसस्थानकावर सगळे त्याला 'भोंगा' म्हणत. चौदा वर्षं तो काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होता. माइक बंद पडला तरी त्याचं अडायचं नाही. खिडकी उघडून ओरडला की शेवटच्या फलाटावर झोपलेला माणूस ताडकन उठून बसायचा.

तो ख्रिस्ती सिस्टरांच्या वसतिगृहात वाढला. त्याची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे वाढदिवस नाही. संतांचे सण हेच त्याचे वाढदिवस. आपल्या दोन मुलींचा एकही सण कोरडा जाता कामा नये, असा त्याचा हट्ट होता. संत योसेफ सुतार, म्हणून त्याच्या दिवशी मुलींच्या हाती हातोडी आणि खिळे. प्राण्यांवर माया करणाऱ्या संत फ्रान्सिसच्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला आंघोळ. कुत्रा पळाला तर मांजराची खैर नाही. बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. दमून घरी आली की दारातूनच विचारायची, "अहो, आज कुठला संत माझ्या स्वयंपाकघरात राडा घालून गेला?"

त्या वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, त्याचा घसा बसला. वारलेल्या माणसांच्या मेणबत्त्या टेबलावर लावताना तो एकेक नाव वाचत होता, आणि मध्येच आवाज फाटला. नावं सात होती. धाकटीनं मेणबत्त्या आठ लावल्या.

"ही कुणाची गं?" आईनं विचारलं.

"जास्तीची आहे."

आईनं ती चिमटीत धरून विझवली. बोट भाजलं.

नाताळ झाला, नवं वर्ष उजाडलं, घसा बसलेलाच. एक दिवस त्यानं पुकारलेलं फलाट क्रमांक 'सात' एका म्हातारीला 'आठ' ऐकू आलं आणि ती भलत्याच गावाला गेली. साहेब म्हणाले, "भोंग्या, कुणाला तरी दाखव रे." तो म्हणाला, "हवा बदललीय साहेब, होईल बरं." जेवताना घास गिळायला तो मान वळवू लागला. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही. "राईचा पर्वत करू नकोस," एवढंच तो म्हणाला.

तीन फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण आला. घशात काटा अडकलेल्या एका पोराला या संतानं वाचवलं, असं सांगतात. म्हणून त्या दिवशी दोन मेणबत्त्यांची फुली करून ती गळ्याला लावतात आणि प्रार्थना म्हणतात. ड्यूटीमुळे चर्चला जाणं जमलं नव्हतं. मग अकरा वर्षांची थोरली खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून 'फादर' झाली. न पेटवलेल्या दोन मेणबत्त्या तिनं लाल फितीनं बांधल्या. आधी धाकटीचा गळा झाला. तिला गुदगुल्या झाल्या. मग आईचा. शेवटी बाबांचा.

डावीकडची मेणबत्ती नीट बसेना. थोरलीनं ती काढून पुन्हा लावली, मग बोटानं चाचपलं.

"बाबा, इथे काहीतरी आहे."

"काटा असेल," तो घोगऱ्या आवाजात हसला. "बोलाव तुझ्या संताला."

बायकोनं थोरलीचा हात बाजूला करून आपली बोटं तिथं ठेवली, आणि बराच वेळ काढली नाहीत. "फादर, प्रार्थना म्हण," ती मुलीला म्हणाली. थोरलीनं ती अडखळत म्हटली.

दुसऱ्या दिवशी दोघं इस्पितळात गेली. नाकातून बारीक नळी घालून डॉक्टरांनी घसा पाहिला, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल."

"मग बोलणं?" बायकोनं विचारलं.

"आधी श्वासाचं बघू."

ऑपरेशनला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत वर्षभराच्या सगळ्या संतांच्या गोष्टी सांगून संपवायच्या, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी मुलींना समोर बसवायचा. गळ्यातून निघे तो आवाज नव्हेच, पत्र्यावर विळा घासल्यासारखं काहीतरी होतं. थोरली डोळे न मिटता ऐके. चौथ्या दिवशी धाकटीनं कानांवर हात ठेवले. "नको सांगू बाबा. हा आवाज नको." त्यानं गोष्ट तिथंच सोडली. उरलेल्या गोष्टी राहिल्या त्या राहिल्याच.

तो परतला तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यावर जाळीचं कापड. श्वास तिथूनच, बोलणं पाटीवर लिहून. स्थानकावर त्याला फलकांवर वेळा लिहायचं काम मिळालं. घरी धाकटी त्याच्याजवळ फिरकेना. पाणी द्यायचं तरी पेला टेबलाच्या टोकाला ठेवून पळायची.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी, ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, वाढदिवस म्हणून, थोरलीनं केक केला. त्या दिवशी पवित्र आत्मा शिष्यांवर वाऱ्यासारखा आला, हे तिनंच बायबलमधून वाचून दाखवलं. सवयीनं तो मेणबत्तीवर वाकला आणि त्यानं गाल फुगवले. ज्योत हललीसुद्धा नाही. गळ्यावरचं कापड मात्र फडफडलं. मग त्यानं कापड बाजूला केलं, गळा पुढे केला आणि फू! मेणबत्ती विझली.

धाकटी बघतच राहिली. "परत कर," ती म्हणाली. त्यानं सहा वेळा केलं. सहाव्या वेळी ती त्याच्या मांडीवर होती.

दोन आठवड्यांनी दाढी करताना त्याला उजव्या जबड्याखाली वाटाण्याएवढं काही लागलं. या वेळी त्यानं लपवलं नाही. तोंडावर साबण तसाच ठेवून त्यानं पाटीवर लिहिलं, 'उजवीकडे पण', आणि पाटी बायकोपुढे धरली. तिनं गॅस बंद केला, चपला घातल्या.

डॉक्टरांनी सुई घालून नमुना घेतला. "शुक्रवारी या. आत्ताच काही सांगत नाही."

"शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाचा सण आहे," ती म्हणाली. डॉक्टरांना त्याचं काय! त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर पडल्यावर तो स्टेशनरीच्या दुकानाशी थांबला आणि शुक्रवारसाठी हृदयं कापायला म्हणून बोटानं लाल कागद दाखवला. "किती ताव?" दुकानदारानं विचारलं. त्यानं चार बोटं वर केली. मुली शाळेतून यायची वेळ झाली होती. दोघं भराभर घराकडे निघाली.